लवकर या

"प्रत्येक पेशंटला त्याच्या बोलीत नमस्कार करायचा," असं मेट्रनबाईंनी फर्मान काढलं आणि मिरान सिस्टरची पंचाईत झाली. बाई जन्मानं सोलची, कोरियाच्या राजधानीतली. लग्न होऊन जेजू बेटावर आली त्याला वीस वर्षं होत आली, पण इथली बोली काही तिच्या जिभेवर बसली नाही. एकच वाक्य कसंबसं पाठ झालं: होन्जो ऑप्सॉ. म्हणजे या, लवकर या.

सकाळपासून वॉर्डाच्या दारात उभी राहून ती तेच घोकत होती, आणि म्हाताऱ्या पोट धरधरून हसत होत्या. त्यांत तिची सासू मालसुकही होती. जन्मभर समुद्रात बुड्या मारून शिंपल्या काढलेली बाई, न्यूमोनियानं पडली होती. आता चांगली बरी होती, उद्या घरी जायची होती. मिराननं तिच्या गादीला ऊनसुद्धा दाखवून ठेवलं होतं.

"अगंबाई, सूनबाईला वाचा फुटली!" सासूनं टोमणा मारलाच.

जेवणानंतर मात्र म्हातारीनं तिला कॉटजवळ बोलावलं.

"सूनबाई, पुरे आता. दारात उभं राहून बोलावू नकोस."

"का हो आई?"

"इथं सगळे सोलची भाषा बोलायचे. ती त्यांना कळायची नाही. बिचाऱ्या बाहेरच थांबायच्या."

"कोण?"

"माझ्या जोडीच्या. बुडी मारली आणि वर आल्या नाहीत, त्या."

"काहीतरीच तुमचं!" मिरान म्हणाली खरी, पण तेवढ्यात खिडकीजवळच्या रिकाम्या कॉटवरून शीळ आली. बारीक, लांब. बुडी मारणाऱ्या बायका पाण्याबाहेर डोकं काढताच श्वास सोडतात ना, अगदी तशी. किनाऱ्यावर सासूची वाट बघताना तिनं ती कितीदा तरी ऐकली होती. मग दुसरी शीळ आली, जरा अलीकडून. मिराननं सासूचा हात धरला.

"आई, तुमच्यात 'जा' कसं म्हणतात? सांगा ना पटकन!"

"दारात आलेल्याला जा म्हणतात होय गं?" सासू तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत हसली. मग बुडीच्या आधी घ्यायची तसा छाती भरून श्वास घेतला आणि डोळे मिटले.

तो श्वास बाहेर येईना. मिराननं बेल दाबली, दोन्ही हातांनी सासूची छाती दाबायला लागली. सासूच्या बोलीतलं येत होतं ते एवढंच, तेच ती रडत ओरडत राहिली, "होन्जो ऑप्सॉ, आई! होन्जो ऑप्सॉ!"

शीळ आली. सासूचीच, हजारांत ओळखली असती तिनं. पण आली ती खिडकीजवळच्या कॉटवरून.