पडद्यावरची सोशिक बायको

लेखकमहाशयांची स्मृती जायला लागली तेव्हा तरुण दिग्दर्शकाला त्यात सिनेमा दिसला. त्यांच्या बायकोला तेव्हा फक्त न्हाणीघरात उघडा राहिलेला नळ दिसत होता. कलावंतांची नजर काही औरच असते.

आठवडाभर तो घरी येऊन "काकू, अजून सांगा" करत वही भरत होता. काकूंनीही हातचं राखलं नाही. एका दुपारी त्यांनी नवऱ्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली होती आणि तो दार बडवत असताना जिन्यात बसून राहिल्या होत्या. तेही सांगून टाकलं. वर बजावलं, "हे सिनेमात आलंच पाहिजे." एकटीने ते ओझं वागवून त्या थकल्या होत्या.

आज छोट्या थिएटरात सिनेमाचा खासगी खेळ होता. पडद्यावरच्या बायकोचा एक केस विस्कटत नव्हता. नवऱ्याने ताट भिरकावलं की ती मंद हसे, "तुम्ही कोण?" विचारलं की खिडकीबाहेर पाही आणि लगेच व्हायोलिन सुरू होई. कडीचा पत्ता नव्हता.

काकूंनी पुढच्या रांगेतल्या दिग्दर्शकाला हळूच विचारलं, "कडी कुठंय?"

"काढली, काकू. लोकांच्या मनातून उतरला असतात तुम्ही." उपकार केल्याच्या सुरात तो म्हणाला. काकूंना त्याची वही फाडावीशी वाटली.

इतक्यात शेजारून लेखकमहाशय कडाडले, "साफ खोटं! कुणी लिहिलंय हे?"

"अहो, हळू."

"म्हातारा एवढा छळतोय आणि ही हसतेय? मी लिहिलं असतं तर एव्हाना हिने त्याला कोंडलं असतं!"

काकू झटकन त्यांच्याकडे वळल्या. "मग ती वाईट ठरली असती ना?"

"छे! मग कुठे ती खरी वाटली असती."

काकूंना रडू आवरेना. दिग्दर्शकाने वळून पाहिलं आणि शेजारी बसलेल्या निर्मात्याला कोपराने ढोसलं. व्हायोलिनने काम केलं होतं!

काकूंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. तो त्याने अदबीने सोडवू पाहिला.

"बाई, हात सोडा. माझी बायको येईल एवढ्यात, आणि ती काही त्या बाईसारखी सोशिक नाही."