पाहुण्यांनी बिघडवलेली बंदूक

बबन शिगवणांनी आयुष्यात स्वतःच्या हौसेनं घेतलेली वस्तू एकच, ती म्हणजे छर्‍यांची बंदूक. पेणकरपाड्यातला वन रूम किचन घेतला तो बायकोच्या, मनोरमाबाईंच्या, हट्टापायी. चाळीत म्हणे उठल्यापासून झोपेपर्यंत दारात कुणी ना कुणी उभंच असायचं, बाईंना स्वतःचं बंद दार हवं होतं. ते मिळालं आणि दोन पावसाळे काढून बाई गेल्या. बंद दार तेवढं बबनरावांच्या वाट्याला राहिलं.

संगमेश्वराकडे त्यांच्या गावी खोतांच्या बागेत वानरं हाकायला अशी एक बंदूक होती. पोरांना कुणी तिला हात लावू द्यायचं नाही. गोदीतली नोकरी संपल्यावर एक दिवस बबनराव उठले, तडक मुंबईत गेले आणि नवी कोरी बंदूक घेऊन आले. मुलगी सुरुची बंगळूरहून फोनवर म्हणाली, "बाबा, ह्या वयात बंदूक?" ते म्हणाले, "मग काय खुळखुळा घेऊ?" मजेत होते गडी. खोक्यात जुनी लुगडी कोंबून त्यांनी ते गॅलरीच्या टोकाला ठेवलं आणि नेम धरायला सुरुवात केली.

पण नव्या बंदुकीचं नशीबच फुटकं निघालं. महिन्याभरात छर्रा नळीतून बाहेर पडून समोरच लोळायला लागला. दुकानदारानं हात वर केले, वर भाईंदर पश्चिमेच्या गुणवंतभाईंचा पत्ता दिला. गुणवंतभाईंचा एवढासा गाळा, त्यात एक लेथ, एक स्टूल आणि एक जुना रेडिओ. पंप, शिलाई मशीन, जे येईल ते दुरुस्त करायचे. बबनरावांनी बंदूक चादरीत गुंडाळून नेली, न जाणो कुणी पोलिसात खबर दिली तर! रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, पडद्याचा दांडा का?" ते हो म्हणाले.

गुणवंतभाईंनी बंदूक उघडली आणि आतली वाळून गेलेली चामड्याची चकती दाखवली. नवी चकती तेलात मुरेपर्यंत चहा आला. चहाबरोबर काठियावाडातल्या म्हशी आल्या, गोदीतली जहाजं आली, दोघांचे गुडघे आले. बबनराव घरी निघाले तेव्हा रविवारची दुपार टळून गेली होती. कितीतरी दिवसांनी त्यांचा घसा बोलून बोलून बसला होता.

पुढचा रविवार आला आणि बंदूक ठणठणीत. आता कुठल्या तोंडानं जायचं? नुसतं गप्पा मारायला जावं, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. पण कामाच्या माणसाकडे बिनकामाचं जाऊन बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बंदूक मांडीवर घेतली आणि छर्रा न घालताच चाप ओढला. मग परत ओढला. आठवडाभर ओढत राहिले. शेवटी आत काहीतरी कर्र वाजलं आणि बबनरावांना बरं वाटलं.

"ये क्या, बबनभाई? खाली बंदूक कोण चालवते?" गुणवंतभाईंनी कपाळाला हात लावला. "छर्रा नाय तर हवा अडत नाय. दट्ट्या जाऊन धाडकन आपटते. स्प्रिंगची वाट लागते."

आता खरं सांगावं तर पंचाईत. बबनराव म्हणाले, "काय करणार गुणवंतभाई, घरी पाहुण्यांचा राबता. आला तो बंदूक हातात घेतो आणि चाप ओढतो. किती जणांना सांगू?"

"इतना पाहुणा?"

"इतके की पाय ठेवायला जागा नसते."

थाप एकदा जमली की तिला फाटे फुटतातच. पुढे पाहुण्यांनी नळी वाकडी केली, नेमाची कडी हरवली. गुणवंतभाई हसायचे, म्हणायचे, "घर हाय का धर्मशाला?" बबनरावांच्या तोंडून मग रत्नागिरीचे पुतणे, चिपळूणच्या मेहुण्या, त्यांची पोरं अशी रांगच लागायची. खोटं बोलताना त्यांना ते घर खरंच भरलेलं दिसायचं, आणि तेवढा वेळ सुखात जायचा.

एकदा पाहुण्यांनी बंदुकीचा लाकडी दस्ता भिंतीला घासला. म्हणजे बबनरावांनीच पॉलिश पेपर घेऊन नव्या लाकडावर ओरखडे काढले आणि काढताना त्यांना स्वतःची लाजही वाटली. गुणवंतभाईंनी सगळं जुनं वार्निश खरवडून काढलं. मग स्पिरिटमध्ये लाख विरघळवली, कापसाची पुरचुंडी बुडवली आणि दस्त्यावर गोल गोल फिरवू लागले. हात भरून आला की पुरचुंडी बबनरावांच्या हातात द्यायचे. एक हात ह्यांचा, एक हात त्यांचा. मनोरमाबाई गेल्यापासूनचा बबनरावांचा सगळ्यात चांगला रविवार तो.

त्यानंतर स्प्रिंग पुन्हा मोडली, तेव्हा गुणवंतभाई म्हणाले, "ह्या टायमाला ठेवून जा."

बबनराव पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. बंदूक स्टुलावर तयार होती. दस्ता असा चकचकीत की त्यात रेडिओ दिसत होता.

"लो बबनभाई, तुमचा टेन्शन खतम," गुणवंतभाई खुशीत होते. "स्प्रिंग जाड वाली टाकली. चकती चामड्याची नाय, नायलॉनची, मी स्वतः लेथवर काढली. आता किती पण पाहुणा येऊ दे, किती पण चाप ओढू दे. दहा वर्ष तुम्हाला इकडे यायला नको."

बबनरावांनी बंदूक हातात घेतली. "एवढं कशाला केलंत?" ते म्हणाले.

"दर टायमाला इतक्या लांब येता. मला पण बरा नाय वाटत." गुणवंतभाईंनी हात पुसले. म्हणाले, "खरं सांगू? घरवाली गावाला असते, रविवारी मी पण एकटा. मनात होता, एक दिवस तुमच्याकडे यावा. पण म्हटला, आधीच घर भरलेला, उसमें मैं कहाँ?"

खरं बबनरावांच्या अगदी ओठावर आलं. घरी कुणी नसतं हो, या ना, आत्ताच चला. पण ते सांगायचं म्हणजे बाकीचंही सांगायला हवं. ह्या माणसानं दर वेळी जीव ओतून केलेलं काम आपण घरी बसून मोडत होतो, हे त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?

"हो," ते म्हणाले, "गर्दी तर असतेच."

गुणवंतभाईंनी मान हलवली आणि कुणाचातरी पंप पुढ्यात ओढला.

त्या आठवड्यात बबनरावांनी चाप इतका ओढला की बोट सुजलं. बंदूक प्रत्येक वेळी खणखणीत वाजली. शेजारच्या शहाबेननी दार उघडून "सब ठीक है ना, अंकल?" एवढं विचारलं आणि दार लावून घेतलं. रविवार उजाडला. बबनरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, बंदूक चादरीत नीट गुंडाळली, चपलेत पाय सरकवले आणि दाराच्या कडीला हात घातल्यावर त्यांना आठवलं की बंदुकीला काहीही झालेलं नाही.