माझ्या पायाखालचा क्लच

मी गाडी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. निम्म्या गावातल्या बायकांना मीच रस्त्यावर आणलंय, असं सांगितलं की लोक दचकतात आणि मला मजा येते. जीभ तिखट आहे, मान्य. पण शिकवणं चोख. म्हणजे, होतं.

ही आली तेव्हा फॉर्म घरूनच भरून आणला होता, शिकाऊ लायसन्सही आधीच काढलेलं होतं. तिशीची असेल. नखं कापलेली, केस घट्ट बांधलेले. फॉर्मवर नवऱ्याची सही हवी असा आमचा काही नियम नाही, पण हिने ती आणली होती. सही पाहताच ओळखली. माझ्या घटस्फोटाच्या कागदांवर तीच सही पाच ठिकाणी आहे.

म्हणजे हीच ती! चौदा वर्षं ज्याचे शर्ट मी इस्त्री केले, तो हिच्यासाठी मला सोडून गेला. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मॅडम, मला तीन आठवड्यांत गाडी यायलाच हवी," ती म्हणाली.

"का गं, विमान चुकतंय?"

ती हसली नाही. सहा वर्षं घरी बसल्यावर तिला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. शिफ्ट सकाळी सहाची, त्या वेळेला बस नसते. नवऱ्याने अट घातली होती. त्याची ती बुटकी, दोन दारांची, सहा गिअरची निळी स्पोर्ट्स गाडी तिने एकटीने तळघरातल्या पार्किंगमधून वर काढून दाखवायची. एकदाच. जमलं तर गाडीही तिची आणि नोकरीही. नाही जमलं तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही.

"आणि तू हो म्हणालीस?"

"ते एकदा म्हणाले की म्हणाले."

हे ती मला सांगत होती! मलाही त्याने गाडी शिकवायला घेतली होती. बंद पडली की डोक्यात किल्लीने टपली, आणि मागच्या सीटवर मित्र खिदळायला हजर. त्याच्या नाकावर टिच्चून मी दुसरीकडे शिकले आणि पुढे धंदाच हा केला. खरं तर हिची दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या बाल्कनीत हिचे कपडे वाळतात, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. पहिले तीन-चार दिवस सगळेच असं सांभाळून घेतात. मग पाय काढून घ्यायचा आणि गाडी बंद पडू द्यायची. दहा वेळा, वीस वेळा. त्याशिवाय पायाला क्लच कळत नाही.

मी पाय काढलाच नाही.

ती क्लचवरून पाय झटकन उचलायची. पण खरा क्लच माझ्या तळव्याखाली असायचा आणि मी तो अगदी हळुवार सोडायचे. गाडी डुलत निघायची. सिग्नलला, चढावर, ट्रकच्या मागे, कुठेही.

"जमलं, मॅडम!"

"अगं, तू तर जन्मजात ड्रायव्हर आहेस."

तिचा चेहरा असा फुलायचा की बघवत नसे. लायसन्सच्या परीक्षेलाही मीच शेजारी होते. परीक्षा घेणारे साहेब झाडाखाली खुर्ची टाकून लांबून पाहत होते. ही झोकात पास.

एकदा तिने विचारलंही, "मॅडम, पेडल आपोआपच खाली जातं. असंच असतं का?"

"हलक्या पायाला असंच वाटतं," मी ठोकून दिलं.

एके दिवशी तिने पिशवीतून लॅबचा पांढरा कोट काढून दाखवला. नवा कोरा. घडी मोडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला होता. तेव्हा मात्र आतून चर्र झालं. उद्यापासून पाय काढायचा, असं मी पक्कं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता ती म्हणाली, "ह्यांची पहिली बायको म्हणे फार कजाग होती. हे कंटाळून गेले होते हो." झालं! पाय होता तिथेच राहिला.

गाडी काढून दाखवायचा रविवार आला. "तुम्ही समोर असलात की धीर येईल," असं म्हणून तिनेच मला बोलावलं. खोटं कशाला सांगू, मी तमाशा बघायलाच गेले. त्यांच्या पार्किंगच्या चढाच्या वरच्या टोकाला वॉचमनच्या खोलीआड उभी राहिले. तो दोन मित्रांना घेऊन व्हिडिओ काढायला फोन उगारून तयार होता.

खालून इंजिन गुरगुरलं. त्या गाडीचा क्लच दगडासारखा. गाडीने एक हिसका दिला आणि बंद. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. मित्र हसायला लागले. चौथ्या वेळी कशीबशी निघाली, निम्मा चढ चढली, बंद पडली आणि सरसर मागे घसरली. माझा उजवा पाय आपसूक जमिनीवर दाबला गेला. मागचा बंपर भिंतीवर आदळला, दिव्याची काच खळकन फुटली.

तो सावकाश खाली उतरला आणि खिडकीतून हात घालून त्याने किल्ली काढून घेतली. "संपला विषय. उद्या फोन करून कळव, येत नाही म्हणून."

मग तो वर आला तो थेट माझ्याकडे. मला बघून त्याला जरासुद्धा नवल वाटलं नाही.

"वाटलंच होतं, येशील," तो हळूच म्हणाला. "काम चोख केलंस. ड्रायव्हिंग स्कूल काय कमी आहेत? पण दुसऱ्या कुणी खरंच शिकवलं असतं तिला. म्हणून मुद्दाम तुझ्याकडे पाठवली."

सूड घेतेय, सूड घेतेय म्हणत मी तीन आठवडे याचीच चाकरी केली होती. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

ती चढ चढून आली. डोळे लाल झाले होते.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

"सांग की तिला," तो किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाला.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आठ दिवसांत मी तिला नीट तयार केलं असतं. तिने हॉस्पिटलकडे तेवढी मुदत मागून घेतली असती. तो उघडा पडला असता. पण त्याच्याआधी मी पडले असते, तिच्यासमोर, वॉचमनसमोर, त्या खिदळणाऱ्या दोघांसमोर.

"क्लच लवकर सोडलास," मी म्हणाले.

तिने मान हलवली, नाक पुसलं.

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही एवढं मन लावून शिकवलंत."