चार पिस्टन, दोन हात

मिस्त्रीची बायको बहिणीकडे निघून गेली ती एका वाक्यावरून. चार सिलेंडरची गाडी दुरुस्तीला टाकायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "एवढं इंजिन दोघं मिळून बांधता?" आणि हा शहाणा छाती फुगवून बोलला, "बांधतो मीच. ती नुसती धरते."

नुसती धरते! चार पिस्टनवर ब्लॉक, म्हणजे चार भोकांचा तो जड ठोकळा, उतरवणं हा काय पोरखेळ आहे? वरून हा ब्लॉक तोलणार, खाली तिची बोटं पिस्टनभोवतीच्या फाकलेल्या रिंगा दाबून एकेक पिस्टन आत घालणार. रिंग अडली की याच्या आधी तिला कळायचं. "थांब रे रेड्या, अडलीय!" म्हणायची. इतक्या वर्षांत एक रिंग मोडली नाही, ती कुणामुळे?

"नुसतं धरायलाच हवंय ना? लाकूड आण," एवढं बोलून ती गेली.

आणि गडी खरंच लाकूड घेऊन बसला. पुरुषाची जात! पाय धरायचे सोडून करवत धरली. दोन फळ्यांना खाचा पाडल्या, पिस्टनखालच्या दांड्याला दोन्हीकडून कवेत घेतील अशा. पत्र्याचा डबा कापून पट्ट्या काढल्या, काठ घासले, रिंगांभोवती आवळायला पाइपच्या क्लिपा लावल्या. पहिली पट्टी घसरली, दुसरीनं बोट कापलं.

शेजारचा वेल्डर दारात उभा राहून दात काढत होता. "काय रे, पत्र्याची वहिनी बनवतोयस का?"

"तू तुझं जाळत बस."

"फोन कर, फोन. जीभ झिजत नाही."

आत कुठेतरी त्याला वाटत होतं, फसावं हे सगळं. फसलं की फोन करायला तोंड राहील. ब्लॉक बसत नाही, ये.

नाही फसलं. मधले दोन पिस्टन फळ्यांवर गुमान उभे राहिले आणि आत गेले. फळ्या काढल्या, बाहेरच्या दोघांना पट्ट्या आवळल्या, तेही गेले. कुठे अडलं नाही, कुणी रेडा म्हटलं नाही. ब्लॉक लोण्यात सुरी जावी तसा बसला, आणि गॅरेज त्याला खायला उठलं.

तेलकट बोटांनीच त्यानं फोन लावला. मेहुणीनं उचलला.

"थांबा भाऊजी, ताई बोलतेय का बघते."

बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग श्वास. श्वासावरूनच त्यानं ओळखलं.

"काय?"

खोटं अगदी जिभेच्या टोकावर होतं.

"ब्लॉक बसला," तो म्हणाला.

"बरं झालं. मग माझं काय काम?"

"काही नाही." त्याचा आवाज चिरकला. "काम काहीच नाही. तरी ये."

पलीकडे मेहुणी कुजबुजली, "काय म्हणतायत गं?"

"ब्लॉक बसला म्हणतोय. आणि रडतोय."

फोन मात्र तिनं ठेवला नाही.