शनिवारी दाबलेलं बटण

शुक्रवारी सूर्य कलला तसा एलिया झिराडकरने लाकडी घाणा थांबवला. उखळात लालासाहेबांचे शेंगदाणे अर्धवट चिरडलेले होते.

"थांबवलास का रं?" लालासाहेब दारातूनच ओरडले. "रविवारी पोरीचं लगीन हाय. उद्या सकाळी आचाऱ्याला तेल पायजे."

"आवं, दाणं घेतानाच सांगितलं हुतं, शुक्रवारी दिवस मावळला की आमचा शनवार लागतो, घाणा बंद. उद्या दिवस मावळला की लगेच काढून देतो."

"बटण दाबायला कसले कष्ट? तुला जमत नसंल तर आमचा गडी गुंडा दाबंल."

"माझ्या घाण्यावर त्यो राबला तरी मीच राबल्यागत. आमच्या बाच्या वक्ताला बैलालाबी सुट्टी असायची. सा दिस मी मालक. सातव्या दिवशी कुणाचाच मालक न्हाई."

"आन् शेडचा मालक कोण?" लालासाहेब हसले. "मोठा आलाय शनवार तेली!"

कुंडलमधलं ते एकमेव बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर. घाणा एलियाचा, शेड आणि मागची राहती खोली लालासाहेबांची. शेडची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असे.

शनिवारी सकाळी एलिया प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसला होता. अचानक शेडमधून मोटारीचा आवाज आला. तो धावत गेला. रात्रभरात आवळून घट्ट झालेल्या दाण्यांच्या लगद्यावर पाण्याचा शिपका न मारताच लालासाहेबांनी गुंडाला सोबत आणून घाणा सुरू केला होता. उखळात फिरणारी लाकडी लाट करकरत होती. जळक्या लाकडाचा वास सुटला होता.

"बघतोस काय? बंद कर की!" लालासाहेबांनी डिवचलं.

लाल बटण दोन पावलांवर होतं. एलियाने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "आज मी घाण्याला हात लावत न्हाई."

"मग जळू दे तुझा घाणा!" लालासाहेब रागाने हातानेच लगदा मोकळा करू लागले. सदऱ्याची बाही लाटेखाली गेली. तिच्यामागे मनगट ओढलं जाऊ लागलं. ते किंचाळले.

एलियाने झेप घेऊन बटण दाबलं.

गुंडाने बाही फाडून हात सोडवला. मनगट फक्त खरचटलं होतं. दारात माणसं जमलेली पाहताच लालासाहेबांना कंठ फुटला. "बघा रं! शनवारी बटण दाबलं ह्यानं! समदं ढोंग! आता घाल पाणी आन् कर चालू."

"हात गेला असता तुमचा. जिवापुढं शनवारबी बाजूला सरतो. तेलापुढं न्हाई सरत."

"मग उचल घाणा! आत्ताच्या आत्ता शेड रिकामी कर."

लाटेचं खालचं टोक काळं पडलं होतं. एलियाने ते पाहून घेतलं. "करतो. पर आज न्हाई. आकाशात तीन तारं दिसून शनवार सरू द्यात."

चार वाजता गुंडा घाणा न्यायला टेम्पो घेऊन आला. मालकाच्या सांगण्यावरून त्याने तीनदा हॉर्न वाजवला. एलियाच्या बायकोने, रिबेकाने, त्याला पाण्याचा तांब्या दिला. तिघे पायरीवर बसून राहिले.

पहिला तारा गुंडालाच दिसला. तिसरा दिसल्यावर एलियाने उठून घाणा सोडवायला पाना हातात घेतला.