हे बाळ रडत नाहीये

“जरा गमतीशीर रडा ना, ताई. आत्ता फारच खरं वाटतंय.”

काचेपलीकडून दिग्दर्शकाचा आवाज हेडफोनमध्ये आला आणि रडूताईंनी मान डोलावली. समोरच्या पडद्यावर एक आडदांड मेकॅनिक तान्ह्या बाळाला दोन्ही हातांनी, गळका रेडिएटर धरावा तसं, अंगापासून लांब धरून उभा होता. गॅरेजच्या दारात कुणीतरी ते बाळ ठेवून गेलं होतं. डायपर उलटा बांधला होता, दूध उतू जात होतं आणि मेकॅनिकचा धाकटा भाऊ पावडर समजून भलतीच डबी घेऊन धावत येत होता. रडूताईंनी जीभ टाळूला टेकवली, श्वास नाकाच्या मुळाशी अडवला आणि चढत जाऊन मध्येच उचकीवर घसरणारं एक रडणं काढलं. काचेपलीकडे दिग्दर्शक खो-खो हसला.

“बास! हेच पाहिजे होतं.”

गेली वीस-बावीस वर्षं सिनेमातली बाळं रडूताईंच्या गळ्यातून रडत होती. सेटवर आणलेलं बाळ ऐन वेळी रडत नाही, आणि एकदा रडलं की थांबत नाही. म्हणून चित्र आधी घ्यायचं आणि रडणं मागाहून स्टुडिओत भरायचं. त्यासाठी रडूताई. त्यांचं खरं नाव बँकेला आणि नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडी रडूताईच. भुकेचं, पोटदुखीचं, उगाच हट्टाचं, अशी सगळी रडणी त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांजवळ बसून कमावली होती, कारण त्यांना स्वतःला मूल नव्हतं. पुढे चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी चुकली, तेव्हा ‘आता गेलीच’ असं समजून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. “ही बघा तुमची गेलेली पाळी,” त्या म्हणाल्या, “लाथा मारतेय!”

तीच गुंडी. बटणाएवढं नाक, म्हणून गुंडी. आता ती चार महिन्यांची झाली होती.

गुंडी घरी आली त्या दिवशी पहिला डायपर रडूताईंनी बांधला, तो उलटा. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याने डायपर हातात घेतला, पुढून-मागून न्याहाळला, चिकटपट्ट्या कुठून निघून कुठे जातात ते बोटाने ताडून पाहिलं आणि पहिल्या फटक्यात नीट बांधला. रडूताईंना तेव्हाच वाटलं होतं, हे सिनेमात असतं तर कापलं असतं. नीट डायपर बांधणाऱ्या बापाला कोण हसणार? आणि उलटा बांधणाऱ्या आईला तर कुणीच नाही. तिची कीव करतील नाहीतर तिला चार शब्द सुनावतील.

गुंडीने त्यांच्या कमावलेल्या विद्येचंही पार मातेरं केलं. भूक लागली की ही बया रडायचीच नाही, नुसतं दार करकरल्यासारखं वाजायची. पोट दुखलं की गप्प. आणि दुपारी दुधाने पोट टम्म भरलेलं असताना गळा काढायची, कशासाठी ते देव जाणे!

परवा रेकॉर्डिस्ट काकांचा फोन आला. रडूताईंचं पहिलं रडणं ज्यांनी टेपवर घेतलं ते हेच काका.

“ताई, स्पष्टच सांगतो. दिग्दर्शकाने तयार रडणी विकत घेऊन संगणकात भरलीत. म्हणतो, बटण दाबलं की रडतं, मग माणूस कशाला? मी म्हटलं, एक दिवस ऐकून तरी बघ. दोन सिनेमे आहेत त्याचे, दोन्हींत बाळ. एकेक प्रसंग करून दाखवा. आवडलं तर सगळं काम तुमचं. नाही आवडलं, तर पुन्हा तुम्हाला बोलवायला मला तोंड राहणार नाही.”

हे कळल्यावर नणंद तरातरा घरी आली. “घरातली रडती पोर टाकून बाहेर रडायला जाणार? वहिनी, लोक काय म्हणतील!”

“टाकून कुठे? पोर माझ्याकडे आहे,” नवरा म्हणाला. “रजा काढलीय मी.”

“तू? तुला काय कळतं रे त्यातलं, दादा?”

“लिफ्टमध्ये अडकलेली माणसं रोज सांभाळतो मी. तीही अशीच ओरडतात. ही निदान शिव्या देत नाही.”

तर आज तो स्टुडिओच्या बोळातल्या बाकावर गुंडीला पोटाशी बांधून बसला होता. गॅरेजचा प्रसंग संपवून रडूताई तिला पाजायला बाहेर आल्या, तर त्याच्याभोवती ही गर्दी. मेकअपवाली गुडघे टेकून बसली होती, हिशेबनीस चष्मा वर करून बघत होता.

“किती बाई कौतुक तरी!” मेकअपवाली म्हणाली. “एवढा वेळ एकटे सांभाळताय! आमच्याकडे तर पाणी हातात द्यावं लागतं.” मग रडूताईंना बघून तिचा आवाज बदलला. “आणि ताई, तुम्हाला हो कसं करमतं आत?”

“करमत नाहीच,” रडूताई म्हणाल्या. “सारखी रडतेय.”

हिशेबनीस हसला. नवऱ्याने गुंडीला सोडवून त्यांच्या हातात दिलं. “मी काय शेजाऱ्याची पोर सांभाळतोय का?” तो पुटपुटला. “सकाळपासून चार जणांनी पाठ थोपटली. आता दुखायला लागलीय.”

दुपारी दुसरा सिनेमा. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, आणि खर्च वाचावा म्हणून बाळही तेच. हनुवटीवरची खळी लपत नव्हती. फक्त गॅरेजच्या जागी एका इंजिनियर बाईचं घर होतं. बाई पूल बांधायची. दूरच्या बहिणीचं बाळ अचानक तिच्या गळ्यात पडलं होतं.

“आता पोटात कालवलं पाहिजे बघा,” दिग्दर्शक समजावू लागला. माणूस वाईट नव्हता; त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. “ती कामावर निघालीय. दारात पोचते, बाळ रडतं, ती वळते. परत येते, बाळाला उचलते आणि राजीनामा देते. इथून सिनेमा सुरळीत.”

“आणि तो गॅरेजवाला?”

“कुठला गॅरेजवाला?”

“सकाळचा. तो बाळासाठी गॅरेज बंद करतो का?”

“छे! त्याचं गॅरेज तर शेवटी दुप्पट होतं. पाटीवर बाळाचं नाव लागतं. टाळ्या पडतात तिथे.”

काकांना एकाएकी खोकला आला.

“विनोदी सिनेमा आहे हो, ताई,” दिग्दर्शक जरा गोंधळून म्हणाला.

“हो, तेच म्हणते मी.” रडूताई आत गेल्या.

पुरुषाच्या हातातलं बाळ हसवणारं रडतं आणि बाईच्या हातातलं बाळ दोष देणारं रडतं, हे त्यांना नवीन नव्हतं. दोन्हींसाठी गळा वेगळा लावावा लागतो. पहिलं नाकातून येतं, दुसरं पोटातून, आणि त्याच्या शेवटी श्वास तुटावा लागतो, जणू पुढचा श्वास आता येणारच नाही. त्यांनी ते काढलं. चार महिने गळ्याला सराव नव्हता; पहिला सूर फाटला, पण पुढे असा लागला की काकांनी काचेतून अंगठा वर केला.

“अंगावर काटा आला!” दिग्दर्शक म्हणाला. “बाहेर या, मोठ्या स्पीकरवर ऐकू.”

त्यांनी ऐकलं. खोलीभर ते रडणं पसरलं आणि रडूताईंना छातीत ओळखीची कळ आली. हे रडणं आपलंच आहे हे डोक्याला माहीत होतं, पण शरीराला विचारतंय कोण! कानाने मेंदूला कळवलं, मेंदूने खाली हुकूम सोडला आणि त्यांच्या निळ्या शर्टवर दुधाची दोन गडद वर्तुळं उमटली. काका एकदम बटणांमध्ये काहीतरी शोधू लागले. दिग्दर्शक छताकडे बघायला लागला.

रडूताईंना मात्र हसू फुटलं. “माझ्याच रडण्याला फसले की हो मी!” हाताची घडी छातीशी दाबून त्या म्हणाल्या. “जरा आवाज बंद करून लावता का? नाहीतर पूर यायचा इथे.”

काकांनी मुका पडदा लावला. बाई दारात. पाळण्यात बाळ. बाळाचं तोंड उघडलं, डोळे मिटले, नाकपुड्या फुलल्या, जीभ पन्हळीसारखी दुमडली. मग ओठ मिटून ते दोनदा चाटल्यासारखे हलले. मूठ कानाकडे गेली.

रडूताई पडद्याजवळ सरकल्या. हे त्या गेले चार महिने रोज दुपारी बघत होत्या.

“हे बाळ रडत नाहीये.”

“तोंड उघडलंय की.”

“जांभई देतंय ते.”

काकांनी पुन्हा लावलं. मग न सांगता सकाळचा गॅरेजचा तुकडाही लावला. तिथेही तेच: जीभ दुमडलेली, ओठ चाटलेले. मेकॅनिकच्या पसरलेल्या हातांत बाळ आरामात पेंगत होतं.

“अरेच्चा!” दिग्दर्शक मोकळेपणाने हसला. “म्हणजे इतकी वर्षं आपण झोपाळू पोरांना रडवतोय! असू दे. प्रेक्षकांना कुठे कळतंय? ताई, रडणं फर्मास झालंय. पक्कं. दोन्ही सिनेमे तुमचे.”

काकांनी सुटकेचा श्वास टाकला. रडूताईंना हवं होतं ते मिळालं होतं. आता ‘बरं’ म्हणायचं आणि घरी जायचं. त्यांनी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

“एकदा दुसरं करून देऊ?” त्या म्हणाल्या.

“दुसरं काय?”

“त्याला जे येतंय तेच.”

दिग्दर्शकाचं हसू मावळलं. “ताई, जमलेलं मोडू नका. बाळ रडलं नाही तर ती परत कशाला येईल? सिनेमाच कोसळतो माझा. उगाच फाटे फोडायचे असतील तर संगणकातलं रडणं आहेच माझ्याकडे. ते वाद घालत नाही.”

काकांनी ताईंकडे ‘कशाला बोललात’ अशा नजरेने पाहिलं. विषय बदलावा म्हणून त्यांनी पक्कं झालेलं रडणं पुन्हा लावलं. नेमका तेव्हाच नवरा दुधाची वेळ झाली म्हणून गुंडीला घेऊन दार ढकलून आत आला.

गुंडीने मान वळवली. रडणाऱ्या स्पीकरकडे बघितलं, मग आईकडे. पुन्हा स्पीकरकडे. तिची हनुवटी थरथरली, आता ही भोकाड पसरणार असं सगळ्यांना वाटलं, आणि गुंडी हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे. अख्खं पोट हलवून, खळाळून, मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

“अहो!” रडूताई नवऱ्याला म्हणाल्या.

“मी काही नाही केलं,” तो म्हणाला.

“काका, पुन्हा लावा,” दिग्दर्शक ओरडला. काकांनी लावलं. स्पीकर जिवाच्या आकांताने रडला आणि गुंडी हसून हसून बापाच्या खांद्यावर लोळली. मग काका हसले, दिग्दर्शक डोळे पुसत खुर्चीत बसला. “माईक आणा! हे घ्या, हे घ्या लवकर! सोनं आहे हे, सिनेमात कुठेही टाकू.”

“ते नको,” रडूताई म्हणाल्या.

“अहो, असं हसू पैसे देऊन मिळत नाही.”

“म्हणूनच. ती कामावर नाहीये. मी आहे.” त्यांनी गुंडीच्या पाठीवरून हात फिरवला. “एकदाच घ्या माझं. नाही आवडलं तर पुसा आणि बटण दाबा. मी काही म्हणणार नाही.”

दिग्दर्शकाने गुंडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “एकदाच,” तो म्हणाला.

काचेमागे दिवा लागला. पडद्यावर पूल बांधणारी बाई खांद्याला पिशवी लावून दारात पोचली. रडूताईंनी गळा सैल सोडला. आत येणारी हवा, वरचा बारीक किणकिणता सूर, जबडा मिटताना निसटलेला उसासा, आणि ओठ दोनदा चाटल्याचा आवाज. जांभई. बाई वळली. तिचे डोळे भरलेलेच होते, चित्र काही बदललं नव्हतं. पण आता ती हरल्यासारखी दिसत नव्हती. निघताना एकदा बघून घेणाऱ्या कुणाहीसारखी दिसत होती.

“थांबवा,” दिग्दर्शक म्हणाला.

“पुढे परत येते ना ती?” काकांनी विचारलं.

“माहितेय मला, मीच आणलीय तिला परत.” त्याने चित्र बाईच्या वळलेल्या चेहऱ्यापर्यंत मागे नेलं. “दार बंद झाल्याचा एक तुकडा होता ना आपल्याकडे? शूटिंगच्या वेळी चुकून घेतलेला? तो जोडा. निर्माता मला सोलून काढणार आहे.”

काकांनी तुकडा जोडला. बाई वळली, क्षणभर थांबली आणि तिच्यामागे दार मिटलं. पडद्यावर रिकामी खोली उरली. खिडकीतलं ऊन, पाळणा, आणि त्यात डोळे मिटलेलं बाळ.

“इथे आवाज नाही ठेवलेला काही,” काका हेडफोनमध्ये म्हणाले. “काय देता, ताई?”

रडूताई माईकच्या अगदी जवळ सरकल्या. त्यांनी डोळे मिटले आणि गाढ झोपलेल्या बाळाचा श्वास घ्यायला सुरुवात केली. बारीक, उथळ, मध्येच थोडा थांबणारा आणि पुन्हा आपला आपण सुरू होणारा. तुकडा संपला, पडदा काळा झाला, तरी काकांनी बटणावरून बोट उचललं नाही. काचेपलीकडे कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही.