भिंतीबाहेरची फुलं

गर्ट्रूडचं बाळ जन्मलं तेव्हाच सुईण म्हणाली, "हे काय टिकायचं नाय." बाप्तिस्मा तरी व्हावा म्हणून तिचा नवरा जेरोम कळव्याहून खाडीपलीकडे ठाण्याला पाद्रीबाबांना आणायला धावला. होडी परत येईपर्यंत बाळ गेलेलं. वरातीमागून घोडं!

वर पाद्रीबाबा म्हणतात, "अशा वेळी घरातल्या कुणीही मंत्र म्हणून डोक्यावर पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं." गर्ट्रूडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उपास कधी धरावा हे दर रविवारी बजावणाऱ्या माणसाला एवढंच सांगायला सुचलं नव्हतं. पाण्याचा हंडा तिच्या उशाशीच होता!

बाप्तिस्मा नाही, म्हणून बाळाला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. खड्डा जेरोमनंच खणला. तिथं क्रूस लावायला मनाई. जेरोम कल्याणला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात माळी होता. तिथून त्यानं घोळीसारख्या जाड पानांच्या, भुईसरपट पसरणाऱ्या फुलझाडाच्या काड्या आणल्या. पोचायला उशीर झाला त्याची माफी मागायला त्याला तोंड नव्हतं. त्या झाडाला रखरखीत ऊनच लागतं. गर्ट्रूडनं काड्या क्रूसासारख्या लावल्या, आणि उन्हाळ्यात मातीवर लाल फुलांचा क्रूस उमटला.

मग पाद्रीबाबांच्या देवळाची घंटा वाजवणारा कॉस्मास कुदळ घेऊन आला.

"पाद्रीबाबांचा हुकूम हाय, बाय. इथं खूण नको."

"त्यांना सांग, खूण नको तर पाण्याचं आधी का नाय सांगितलं?" गर्ट्रूड कडाडली. "लाज नाय वाटत तुमाला?"

कॉस्मासनं मान खाली घातली, पण कुदळ थांबवली नाही. झाडांचे तुकडे तुकडे करून त्यानं सगळीकडे भिरकावले. जेरोम बाजूला उभा राहून बघत होता. त्याच्या त्या नुसत्या बघण्याचाच तिला जास्त संताप आला.

पावसाळा सरला, उन्हं तापली, आणि भिंतीबाहेरची सगळी पट्टी लालेलाल झाली. तुटलेला तुकडा न् तुकडा रुजला होता. शेजारच्या एमाचं आणि ॲनीचंही बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ त्याच मातीत होतं. दोघी हरखल्या.

"गर्ट्रूड, तुज्यामुळं आमच्या पोरांनाबी फुलं मिळाली गं!"

गर्ट्रूड उन्हात मधोमध उभी राहिली. चारी बाजूंना सारखीच फुलं. ती जेरोमवर ओरडली, "खड्डा तुमीच खणलेला ना? मग सांगा, माजा पोऱ्या कुठं हाय?"

जेरोमनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग तो खाली बसला आणि फुलं बाजूला सारून माती चाचपू लागला.